पान दोनशे बारा

विश्रामबागेतल्या ऑफिसात, दुपारी तीनला
पाच प्रस्ताव उघडले.
मी वाचत गेलो, साहेब टिका मारत गेले.

रुक्साना मुजावर, जत.
पान दोनशे बारावर शिक्का नाही.
बाद.

जिना उतरताना ती म्हणाली,
तीन वर्षं माळावर वारा मोजलाय, दादा.
दिवस कलला की सुटतो,
नेमका तुमचा लोड चढतो तेव्हा.

मी तक्ता पाहिला.
दराला रकाना होता, अनामतीला होता,
सांजेला नव्हता.

काम गेलं एका पैशानं खालच्या दराला.
त्या कंपनीचा माणूस
नकाशात जत शोधत होता, कराडच्या वर.

मग मुदतवाढ. मग आणखी एक. मग
गुळगुळीत कागदावर पत्र:
सदर दरात काम परवडत नाही.

आता फेरनिविदा. अटी टाइप करायला माझ्याकडे.
मी गुपचूप एक रकाना वाढवला,
सायंकाळी सात ते दहा.
साहेबांनी खोडला. म्हणाले,
वरून विचारलं तर तू जाणार का सांगायला?

जतहून फोन येतो रोज, साडेसातला.
व्होल्टेज नाही.
मी तक्रार नोंदवतो, नंबर देतो.
बोलणाऱ्याच्या मागं
वारा ऐकू येत असतो.