तळोद्याच्या पुढे

नंदुरबारला गाडीतून उतरले तेव्हा
माझ्या पायांत मोजे होते.
गवसणीतला तंबोरा खांद्यावर घेत हमाल म्हणाला,
आजारी माणूस आहे का आत?

तळोद्यापर्यंत दमणी. पुढे घाट, आणि तट्टू.
वाटेत यांनी साग दाखवले, नंबरांसकट.
दुसरं बोलणं त्यांना सुचत नसावं.

धडगावचं घर म्हणजे कुडाच्या भिंती
आणि एक दार, कडी नसलेलं,
काथ्याच्या फासानं बांधायचं.
सहा बश्या आणल्या होत्या मी, निळ्या काठाच्या.
कोण येणार होतं चहाला?
टपाल आठ दिवसांनी, ताप एक दिवसाआड.
क्विनीननं कान वाजत राहायचे
आणि मी तोच षड्ज धरून बसायचे.

ठुमली आली मोळी विकायला.
उंबऱ्याबाहेरूनच तंबोरा न्याहाळला,
मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली,
“इतला मोठा भोपया, आन् पानी नही भरतस?”
मी हसले नाही.
माझ्याकडे तेव्हा शिष्टाचार होता, भांडी नव्हती.

वैशाखात, भर दुपारी, भोपळा तडकला.
बंदुकीचा बार वाटला. हे दौऱ्यावर.
ठुमलीनं पोळ्याचं मेण आणलं,
स्वतःच्या तुंब्याला लावते तसं, अंगठ्यानं दाबत लावलं.
चीर बुजली.
गुंज आली नाही.

दोन पावसाळे तो कोपऱ्यात तसाच.
मग डेपोतली करवत मागून घेतली
आणि मानेपाशी कापला. हात थरथरला,
पण करवत सरळ गेली.
आता त्यात भादलीचं बियाणं असतं, राखेत घोळलेलं.
उंदरांना मेणाचा वास आवडत नाही म्हणे.
(आवडतो. एकदा कुरतडलंच.)

रात्री शेळ्या अचानक गप्प झाल्या
की समजायचं, बिबट्या.
तिच्या टेकडीवरून ठुमली कुकारा घालते,
माझ्या ओट्यावरून मी.
माझा दूर जातो, दरीपलीकडच्या पाड्यावरची कुत्री उठतात.
ठुमली माझ्या छातीवर हात ठेवून बघते,
एवढा वारा कुठे ठेवतेस?

बुवांचं कार्ड आलं सदाशिव पेठेतून.
रियाज चालू आहे ना?
लिहिलं, तार षड्ज आता स्वच्छ लागतो.
काय बघून लागतो, ते नाही लिहिलं.
उरलेल्या जागेत बारीक अक्षरात,
घरी निरोप द्यावा, सुया पाठवा, जाड,
पोतं शिवायच्या.
बश्या नकोत. दोन आहेत अजून.
एकीत कोंबडी पाणी पिते.