नव्वदावा दिवस

तुझला म्हणजे मीठ.
बोस्नियातल्या या गावाखालचं मीठ पाण्यात विरघळवून
शंभर वर्षं उपसत राहिले,
आणि वरचं गाव बसत गेलं.
आमच्या जुन्या गल्लीतली दारं आधी चौकटीत अडकू लागली,
मग ती गल्लीच पाडली.
इथे पायाची थट्टा कुणी करत नाही.

सातव्या दिवशी रेशादचा फोन :
शेम्सा, ठोकळा फोडलास? किती भरला?
कमी, म्हटलं. राखेचं काँक्रीट आहे ते,
एक तृतीयांश सिमेंट काढून राख घातलीय,
तिला घाई चालत नाही.
मला चालते, तो म्हणाला,
शाळेच्या भिंतीवाले दारात उभे आहेत.

ही राख मला नवी नाही.
वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली आमचं घर.
राखेचं तळं सुकलं, वारा सुटला,
की आई चादरी दुसऱ्यांदा धुवायची.
प्लम बाहीला पुसून खायचो,
तरी दाताखाली कचकच.

बाबा, मुहारेम, बॉयलरवर एकतीस वर्षं.
ते गेले तेव्हा आंघोळ घालणारा
बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाला,
कानाच्या वळ्यांतलं काही निघेना, बहिणी,
तसंच राहू दिलं.

सूक्ष्मदर्शकाखाली तीच राख
नुसती गोल, गोल, गोल.
काचेचे मणी. काही पोकळ,
एकाच्या पोटात आणखी बारके.
इतक्या निगुतीनं कोण घडवत बसलं होतं?
कुणी नाही.
आगीत वितळले, उडता उडता गार झाले.
सिमेंटमधून सुटलेला चुना ते सावकाश खातात
आणि आतली भोकं बुजवत बसतात,
ओलावा आहे तोवर.

अठ्ठावीस. छप्पन्न.
ठोकळे टाकीतल्या पाण्यात.
रेशादनं मधल्या काळात दोनदा शिव्या दिल्या,
एकदा मधाची बरणी पाठवली.

नव्वदाव्या दिवशी एक पुसून यंत्रात ठेवला.
काटा मागच्या सगळ्या खुणांवरून पुढे गेला,
आणखी पुढे,
मी दाराशी सरकले.

फुटला तेव्हा खिडकीची काच थरथरली.
तुकडा उचलून नखानं खरवडून पाहिला,
काही निघालं नाही.

आकडा वहीत मांडला, खाली सही केली.
मग आईला फोन लावला, उगाच.
ती म्हणाली, आज वारा पडलाय,
चादरी बाहेर घातल्यात,
लवकर बोल.