नावं ठेवण्याआधी

कुताईसीच्या इस्पितळात, अर्धा जिना खाली,
जिथे खिडकीतून लोकांचे फक्त बूट दिसतात,
तिथे मी बुरशी ओळखायला शिकले.

पहिल्या दिवशी त्सियालाने एवढंच सांगितलं:
आधी सगळ्यांचंच तोंड पांढरं असतं.
बशी उलटी कर. पाठ बघ.

गवंड्याच्या पायाच्या नखातून उगवलेली ती,
वरून मऊ, पिंजलेल्या कापसासारखी, गरीब.
उलटी केली तर सापेराव्हीचा गडद डाग,
जणू रात्री कुणी प्यायलं आणि पेला तिथेच विसरलं.
मांजराचं पिल्लू उशाशी घेऊन झोपणाऱ्या पोरीच्या
डोक्यावरचा गोल चट्टा:
त्याची पाठ झेंडूच्या पुडीसारखी पिवळी,
तीच पूड, जी इथे घरोघरी
अक्रोडाच्या रश्श्यात पडते.
आता जेवताना आठवेल, त्सियाला म्हणाली.
आठवलं. अजून आठवतं.

रायझोपसची पाठबीठ बघावी लागत नाही.
दोन दिवसांत बशी भरून झाकणाला डोकं टेकवतो,
राखाडी, विस्कटलेला,
लग्नाला सगळ्यांआधी येऊन
सगळ्यांनंतर जाणाऱ्या मामासारखा.
काळी ॲस्परजिलस म्हणजे सांडलेली मिरपूड.
तिची धुरकट हिरवी बहीण आली की झाकण उघडायचं नाही,
कपाटात हात घालायचा, श्वास बाहेर ठेवायचा.
हुंगायचं तर कुणालाच नाही.
जुन्या लोकांनी हुंगलं.
जुने लोक खोकतात.

ऑगस्टच्या शेवटी झुगदिदीहून नमुना आला.
गुलनाझी जोजुआ, वय एकावन्न, डावा डोळा.
हेझलनट झोडपताना फांदी उलट फिरली होती.

तिसऱ्या दिवशी बशीत पांढरी लव,
कडेला किंचित जांभळी झाक.
मी म्हटलं, हवेतली असेल. रोजच येतात.
आणि टाकाऊंच्या ढिगावर ठेवली,
ऑटोक्लेव्हच्या तोंडाशी.

त्सियालाने ती परत उचलली.
तिचे स्वतःचे डोळे तेव्हा अधू झालेले,
तिने बशी खिडकीशी नेली, बुटांच्या उजेडात धरली.
हे बघ.
डॉक्टरने खरवड टेकवताना
पात्याच्या टोकाने चंद्रकोरी ओढल्यात,
एकीखाली एक, तीन.
बुरशी त्या कोरींवरच उगवलीय.
बाहेर एक ठिपका दाखव मला.
हवेला कधी अक्षर गिरवताना पाहिलंयस?

मी काही बोलले नाही.
चिकटपट्टीचा तुकडा, निळा थेंब, काच.
भिंगाखाली विळेच विळे,
बारीक, वाकलेले, अंगावर आडव्या रेघा,
सुगीला निघाल्यासारखे.

फ्युझेरियम.

बेसो डॉक्टरांना फोन मी केला.
आवाज माझा, ओळख तिची.
ढिगाबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही,
मलासुद्धा पुन्हा नाही.

डोळा अर्धा राहिला.
गुलनाझीला दार दिसतं;
दारात कोण आहे
ते बोलल्याशिवाय कळत नाही.
त्यात माझा तो अर्धा तास किती, कुणी मोजत नाही.
मी मोजते.

त्सियाला गेल्या वसंतात निवृत्त झाली.
खुर्ची मागे राहिली, उशी ती घेऊन गेली.
आज एका बशीचा अकरावा दिवस:
करडं, मखमली काहीतरी,
बीज धरत नाही, रंग कबूल करत नाही,
पाठसुद्धा कोरी.

नवा मुलगा, मालखाझ, ढिगाकडे बघत विचारतो, टाकू?

नावं ठेवायची घाई नको, मी म्हणते,
आणि चिठ्ठीवर नुसती तारीख लिहिते.