दोन गुंजा पाणी

एल्डन स्कोगला माझा काटा हवा होता,
मी नव्हे.
दातांच्या लॅबमध्ये मी सोन्याच्या टोप्या ओतते,
तिथला काटा पापणीच्या केसालाही दाद देतो,
हे त्याला लुईसटाउनच्या पोस्टात कुणीतरी सांगितलं.

रविवारी त्याच्या गॅरेजात.
बाहेर उणे बावीस.
बाकावर पितळी पुंगळ्या उभ्या,
कुठल्याच कारखान्यात न बनणाऱ्या.
वाइल्डकॅट म्हणतात त्यांना. रानमांजरं.
बुडाशी ठसा मूळ घराण्याचा,
वरचं अंग ह्यांनी घरी घडवलेलं:
तोंड, मान, खांदा.
मान मऊ करायची तर तो आधी दिवा मालवतो,
ज्योतीत पितळाचा रंग कळावा म्हणून.
कऱ्हाडला आबाही मालवायचे.

पोकळी मोजायची ती पाण्याने.
बुडाचं भोक उडालेल्या टिकलीनेच बंद.
रिकामी तोल, भर, पुन्हा तोल, वजा कर.
मी सुईने थेंब सोडते,
साबणाचं बोट लावते, बुडबुडा अडकू नये म्हणून.
पाणी तोंडाशी सपाट हवं.
फुगलं तर ते खोटं माप.

मूळ पुंगळी: सदुसष्ट ग्रेन.
एल्डनची, चाळीस अंशांच्या ताठ खांद्याची: एकाहत्तर पूर्णांक दोन.
"बघ," तो म्हणाला.
मी मनात गुंजांत हिशेब केला.
ग्रेन म्हणजे जवाचा दाणा, गुंज म्हणजे वेलीचं बी.
फरक दोन गुंजांहून जरासा जास्त.
एवढ्यासाठी तो आणि त्याचा मेहुणा व्हर्ल
एकोणीस वर्षं एका टेबलावर जेवले नाहीत.

व्हर्ल ऑक्टोबरात गेला.
बहिणीने कॉफीचा डबा पाठवला,
त्यात त्याची एकुलती एक पुंगळी, मोज्यात गुंडाळलेली.
खांदा उतरता, पण पुढे सरकवलेला.
मान आखूड.
एल्डनने ती मला दिली,
स्वतः खिडकीकडे बघत राहिला.

एकाहत्तर पूर्णांक दोन.

"पुन्हा."
पुसली, वाळवली, भरली.
एकाहत्तर पूर्णांक दोन.
"तुझा काटा."
माझा काटा बरोबर आहे, मी म्हटलं,
आणि ते म्हणताना आवाज आबांचा आला,
गिऱ्हाइकाला ऐकवायचा तो.

त्याने पेन्सिल उचलली, ठेवली.
हीटर बंद केला, कॉफीला आत गेलो.
त्याने हरणांचं, बर्फाचं, डिझेलच्या भावाचं काढलं.
व्हर्लचं नाही.

काटा विसरला म्हणून सोमवारी उजाडताच गेले.
दोन पुंगळ्या कोरड्या, पालथ्या.
व्हर्लची तशीच भरलेली, रात्रभर.
पाणी गोठून
तोंडाबाहेर नखभर वर आलेलं,
टोपी घातल्यासारखं.

वजन तेवढंच असणार.
मी तोललं नाही.
एल्डन दारात उभा होता, हातमोजे न घातलेला.
"हरामखोर," तो पुंगळीला म्हणाला,
आणि तिला हात लावू दिला नाही.