सेकंदाला साठ

आधी फोनमधलाच कॅमेरा उघडला.
तो फुकट, आणि फुकटाला शोभेल इतका गोडबोल्या.
असाबेया मावशी कसावाच्या ढिगापाशी बसलेली,
तिचं कपाळ त्यानं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट करून टाकलं.
"तरुण दिसतेयस," ओबिरी म्हणाला. हातांनीच म्हणाला,
या अंगणात बोलणं हातांनीच चालतं.
मावशीनं पडद्याकडे निरखून पाहिलं.
"माझा प्रश्न कुठे गेला?"

तिचा प्रश्न भुवयांत असतो.
भुवया चढल्या, कपाळाला आठी पडली,
की 'जेवलास'चं 'जेवलास?' होतं.
आठ्या पुसणारा कॅमेरा प्रश्नचिन्हंही पुसतो,
असं कुठल्याच सेटिंगखाली लिहिलेलं नव्हतं.

दुसरं ॲप कुमासीच्या मित्रानं सांगितलेलं,
तो लग्नं शूट करतो.
सेकंदाला चोवीस फ्रेम, हुबेहूब सिनेमा.
मागची पामची झाडं लोण्यासारखी वितळली,
उन्हाला मधाचा रंग चढला,
आणि मावशीनं झऱ्याची गोष्ट सुरू करताच
बोटांचा धूर झाला.
करंगळी कुठे संपली, पुढचा शब्द कुठे लागला, काही कळेना.
बोटांनी कॅमेऱ्याच्या हातावर तुरी दिल्या.
ओबिरीनं ते पाच वेळा पाहिलं.
सुंदर होतं, म्हणून काढून टाकायला
जरा वेळ लागला.

तिसऱ्याला एका कोंबडीएवढे पैसे पडले.
त्यात सगळं आपल्या हातात:
शटर सेकंदाचा दोनशेवा भाग, फ्रेम साठ.
उजेडाला कुलूप घालता येतं,
नाहीतर मागे चर्चची चुन्याची भिंत दिसली
की फोन दचकतो, सगळंच काळवंडतो,
मावशीच्या चेहऱ्याची रात्र करतो.
कुलूप घातलं.
बोटं वेगळी झाली,
सोललेल्या शेंगेतल्या दाण्यांसारखी, एकेक.
ओबिरीला वाटलं, झालं आपलं काम.

पण चौथंही उतरवून ठेवलेलं होतं.
तेही साठ फ्रेमचं, दिसायला मात्र गबाळं,
बटणं चामखिळीसारखी, खाली
कोंबडखाद्याची जाहिरात.
ते तो काढणारच होता.
मावशीनं मनगट धरलं.

"हे हिरवं काय उडतंय?"

पडद्याच्या कडेला एक बारीक पट्टी.
शेजारच्या अंगणात फुफू कांडत होते,
मुसळ पडलं की वर,
बकरी ओरडली की जरा कमी वर.
"आवाज," ओबिरी म्हणाला. "बंद करतो, आपल्याला काय त्याचं."
"थांब."

मावशी गोष्ट सांगताना मांडीवर थाप मारते.
वाक्य संपलं की थाप,
कुणी लक्ष देत नसेल तर दोन.
साठ वर्षं मारत आलीय, तळहाताला लागते म्हणून ठाऊक.
आता तिनं मारली.
हिरवी पट्टी टोकापर्यंत गेली, टोकाशी लाल झाली.

परत मारली. परत लाल.
हळू मारली, अर्ध्यावर हिरवी.
मग तिनं खोकून पाहिलं, कसावाचं साल टाकून पाहिलं,
ओबिरीच्या डोक्यात टपली मारून पाहिली.

"ओफोसुआची पोर ऐकते ना?"
"ऐकते. तेमाच्या शाळेत गाणीसुद्धा म्हणते."
"मग हेच ठेव."

तिसऱ्यात आवाज जास्त स्वच्छ येतो,
जाहिरात नाही, रंग खरे,
हे सगळं ओबिरीनं सांगितलं, दहाही बोटांनी सांगितलं.
मावशी त्याच्याकडे बघतच नव्हती,
आणि न बघणाऱ्याशी या अंगणात
वाद घालता येत नाही.

फोन भरला होता.
ओबिरीनं फुटबॉलचे सतरा सामने पुसले,
अठराव्यापाशी अंगठा अडला, मग तोही पुसला.
तापलेला फोन थोडा वेळ
पाण्याच्या मडक्याला टेकवून ठेवला.
मग चुन्याच्या भिंतीसमोर उभा केला,
उजेडाला कुलूप, साठ, दोनशे, लाल ठिपका.

मावशीनं भुवया चढवल्या: "सुरू?"
त्यानं मान हलवली.
तिनं मांडीवर थाप मारली, आणि वाकून
पट्टी कुठवर गेली ते बघितलं.
मग अजून एक.
गोष्ट काही
सुरूच होईना.