पत्ता

दिघोरी नाका सोडला की सरळ या.
विहीरगावच्या पुढे डावीकडे कमान लागेल,
श्रीहरी ले-आउट, क्रमांक तीन.
एक आणि दोन कुठे आहेत ते विचारू नका,
प्लॉट विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आम्ही आलो तेव्हा तीन घरं.
आम्ही, नंदागवळी मास्तर,
आणि एक डंभारे, जे फक्त रविवारी राहायचे.
तेव्हा मी फोनवर सांगायची :
तुरीचं वावर संपलं की मोहाचं झाड,
मोहापासून मुरमाचा रस्ता,
रस्ता संपला असं वाटेल,
संपू द्या, तसेच या.

गॅसवाला कमानीच्या आत येत नसे.
मास्तर स्कूटरला दोन सिलिंडर बांधून आणायचे,
एक त्यांचा, एक आमचा,
आणि दिवाळीला त्यांच्या डब्यात माझे अनारसे.
असा हिशेब होता.

रात्री गच्चीवरून दिवे मोजायचो.
बारावर बरेच दिवस अडलो होतो.
एकदा मास्तरांनी हाक मारली,
"ओ पाथोडेबाई, कोपऱ्यावर कोणी आलं जी!"
बॅटरी घेऊन आम्ही बघायला गेलो.
नवं जोडपं, भिंती अजून ओल्या.
त्यांनी आम्हाला उलट्या बादल्यांवर बसवलं
आणि एकाच ग्लासातून आळीपाळीनं चहा दिला.

मग मोह कापला.
पत्ता बदलला : निळ्या टाकीजवळ या.
मग सगळ्यांच्याच टाक्या निळ्या झाल्या.
मग : अंड्याच्या टपरीवरून उजवीकडे.
टपरीचं दुकान झालं, दुकानाचं डेली नीड्स,
आता तिथं रविवारी तर्री-पोह्याला रांग असते
आणि रांगेतल्या निम्म्या माणसांची नावं
मला येत नाहीत.

एकोणपन्नास नंबरच्या गिट्टीवर टिटवी अंडी घालायची.
यंदा तिथं पेव्हर ब्लॉक.
ती रात्रभर ओरडत फिरली
आणि मीटिंगमध्ये एकानं विचारलं,
ये कौनसा पक्षी है, कंप्लेंट कहाँ करना?

मास्तर गेले तेव्हा खांद्याला माणसं कमी नव्हती.
पण घाट कुठे आहे, कोणालाच ठाऊक नव्हतं.
ले-आउटच्या नकाशात बाग होती,
मंदिर होतं, ओपन जिम होती.
आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत
नकाशा बघत उभे.
शेवटी तरोटा खुडायला आलेली एक बाई म्हणाली,
"चाला माह्या मागं."
ओटीत भाजी, तशीच ती पुढे झाली.

सत्यभामा ढेंगरे.
हे सगळं वावर तिच्या सासऱ्याचं.
अजूनही ती कुंपणाच्या आत हात घालून भाजी खुडते,
विचारत नाही.
मीही आता काही म्हणत नाही.
एकदा ओट्यापाशी पाणी पीत तिनं विचारलं,
"सैपाकघरात ओल येते का वो?"
येते.
तेल सांडलं की कोपऱ्याकडे धावतं,
मिस्त्री दोनदा फरशी बसवून गेला.
"येईलच. आमची हीर होती तिथं.
बुजवाले अकरा टॅक्टर मुरूम लागला.
मी मोजत होती."

परवा एक पोरगा पार्सल घेऊन आला.
फोन नाही, हाक नाही,
हातातल्या नकाशावर बोट ठेवून थेट दारात.
माझ्या तोंडात वाक्य तयार होतं,
कमानीपासून डावीकडे,
ते तसंच राहिलं.
त्यानं सही घेतली आणि गेला.

काल दुसरा आला, सायकलवर,
ढेंगरेबाईचा नातू, सातवी-आठवीतला.
"आजीनं पिशवी देल्ली."
घर कसं सापडलं, विचारलं.
"सोपं हाय," म्हणाला,
"हिरीवर जाय म्हणे, तिथं बाई रायते."

पिशवीत वांगी होती, दोन किडकी.
मी ती कोपऱ्यात ठेवली.
फरशी थंड होती, मे महिन्यातही.