एकसष्टचं मूळ

ला प्लाता शहरात रस्त्यांना नावं कमी, आकडे फार.
पत्ता विचारला की लोक दोन अंक सांगतात,
मधला स्वल्पविराम तेवढा गिळतात.

नेलिदा बाईंनी फळ्यावर दोन बिंदू दिले:
सात, चव्वेचाळीस. तेरा, एकोणपन्नास.
(सातला त्या कमरेत आडवी रेघ मारतात.)
अंतर काढा.
सहा आडवे, पाच उभे,
छत्तीस नि पंचवीस, एकसष्ट.
मूळ काही सुटेना. सात पूर्णांक, आणि पुढे
नुसती शेपटी, न संपणारी.
फाबियान म्हणाला, बाई, गणित चुकलंय,
उत्तर पूर्ण येत नाही.
बाई म्हणाल्या, चुकलेलं नाही. चालून बघितलंय.

मी विचारलं, कुणातून कुणाला वजा करायचं?
आधी तेरा की आधी…
"कसंही कर," त्या म्हणाल्या,
"वर्ग केला की उणे पुसलं जातं."
आणि बराच वेळ
बोटांवरची खडूची पूड चोळत राहिल्या.

डिसेंबरात तिलोच्या झाडांना मोहर आला तेव्हा
आईचं घड्याळ घेऊन मी गेलो
तेरा आणि एकोणपन्नासच्या कोपऱ्यावर.
म्हातारा ओरेस्ते. पावतीवर आडनाव बाईंचंच,
आणि तोच सात, कमरेत रेघ मारलेला.
"नेलिदा शिकवते ना तुम्हाला?"
डोळ्यावरचं भिंग न काढता त्यानं विचारलं.
"अजून सात नंबरलाच राहते?"

हो, म्हटलं.
किती लांब, ते आमच्या अख्ख्या वर्गाला
दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ आहे,
हे नाही सांगितलं.